वारीच्या पडशीतील मार्गदर्शिका

ज्येष्ठाचे वारे वाहू लागले की बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आणि तिकडे आळंद-कलबुर्गी या भागांतील वारकरी घराण्यांत पंढरीच्या वाटेची तयारी सुरू होते. टाळांच्या दोऱ्या बदलल्या जातात, पताकेचे कापड पाहिले जाते, दशम्यांचा नि औषधांचा हिशेब होतो. या तयारीत आजकाल एक प्रश्न पुष्कळ घरांतून विचारला जातो : वाटेवर सोबत कोणते पुस्तक द्यावे? प्रश्न लहान दिसतो, परंतु त्याचे उत्तर बहुधा घाईने दिले जाते; आणि घाईत दिलेले पुस्तक एकतर पडशीचा भार होते, नाहीतर वेळेला उपयोगी पडत नाही. यास्तव प्रस्तुत पाठात हलकी मार्गदर्शिका कशी निवडावी, तिच्यात काय असावे व काय नसावे, याचा थोडा क्रमवार विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दिंडीच्या पुढे चालणारा वीणेकरी किंवा दिंडीप्रमुख यांस पुस्तकाची गरज नसते. त्यांची वाट वर्षानुवर्षे पायांखालची असते. मार्गदर्शिका लागते ती मागे पडणाऱ्यास : गुडघे दुखतात म्हणून सावकाश चालणाऱ्या आजीस, पायाला फोड आला म्हणून झाडाखाली थांबलेल्या नवख्या वारकऱ्यास, किंवा पाण्याच्या शोधात रस्ता सोडून गेलेल्या व परतताना दिंडी दृष्टीआड झालेल्या मुलास. तेव्हा पुस्तक निवडताना आपल्या नजरेसमोर हाच माणूस असावा. तो एकटा आहे, थकलेला आहे, दिवस मावळत आला आहे. अशा वेळी पडशीतून काढलेली चोपडी त्यास मुक्कामापर्यंत पोचवील काय? ही एकच कसोटी ध्यानात ठेवली म्हणजे पुढील सर्व नियम तिच्यातूनच निघतात.

पूर्वसूरींचा दाखला

वाटेचे पुस्तक ही काही आजची कल्पना नव्हे. मराठीत तिची परंपरा फार जुनी आहे. महानुभाव पंथात ‘स्थानपोथी’ नावाचा ग्रंथ आहे. तो चौदाव्या शतकातील असून मुनिव्यास कोठी यांचा मानला जातो. चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, बसले, निजले त्या त्या स्थानांची त्यात नोंद आहे. तिचे वैशिष्ट्य असे की स्तुतीत फारसे शब्द न खर्चता, स्थान गावाच्या कोणत्या दिशेस आहे, देवळाचे दार कोणीकडे आहे, एका स्थानापासून दुसरे किती अंतरावर आहे, हे ती नेमके सांगते. गावे बदलली, देवळे पडली, तरी भाविकांस स्थाने शोधता आली, याचे श्रेय पुष्कळ अंशी या कोरड्या वाटणाऱ्या नेमकेपणास आहे.

दुसरा दाखला आपल्या अगदी दाराशीच आहे. सरस्वती गंगाधरांच्या ‘गुरुचरित्रा’त एकेचाळीस व बेचाळीस या अध्यायांत काशीयात्रेचा क्रम आला आहे, आणि पुढे गाणगापुराच्या अष्टतीर्थांचेही वर्णन आहे. ग्रंथकर्त्याची मातृभाषा कन्नड होती असे मानतात. कन्नड बोलणाऱ्याने मराठीत लिहावे आणि भीमा-अमरजा संगमावर दोन्ही भाषांच्या यात्रेकरूंनी ते वाचावे, ही आपल्या सीमाभागाची जुनीच रीत आहे. मार्गदर्शिका निवडताना ती विसरून चालणार नाही. त्याविषयी पुढे सांगू.

दूर जपानातही हेच दिसते. तेथील शिकोकू बेटावर अठ्ठ्याऐंशी मंदिरांची पायी परिक्रमा आहे. ती हजार किलोमीटरांहून अधिक भरते. शिन्नेन नावाच्या साधूने १६८७ मध्ये या परिक्रमेचे मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्याच वाटेवर दिशा दाखविणारे दगडही उभारले. त्याच्या दृष्टीने पुस्तक आणि वाटेवरचा दगड ही दोन्ही एकच सेवा होती. आम्हांस वाटते, चांगल्या मार्गदर्शिकेचे पान त्या दगडासारखेच असावे : थोडे बोलणारे आणि चुकीचे न बोलणारे.

भाराचा हिशेब

आता वजनाकडे वळू. पायी चालणाऱ्याने आपल्या शरीराच्या वजनाच्या दहाव्या भागाहून अधिक ओझे वाहू नये, असा साधारण दंडक सांगतात. पन्नास किलो वजनाच्या बाईच्या वाट्यास म्हणजे पाच किलो आले. त्यातील एक किलो पाण्याच्या एका लिटरचे. उरलेल्या चारांत लुगडे, पांघरूण, टाळ, औषधे, दशमी असे सर्व बसवायचे.

एक जाड पोथी घ्या : आठशे पृष्ठांची, साधारण १४ सेंटिमीटर रुंद व साडेएकवीस सेंटिमीटर उंच. तिच्यात पाने ४००. ज्या कागदाचा एक चौरस मीटर ६० ग्रॅम भरतो अशा साध्या कागदावर ती छापली असेल, तर नुसत्या कागदाचे वजन ७२० ग्रॅमच्या आसपास होते. पुठ्ठा व कापडी बांधणी धरता ती ९०० ग्रॅमपर्यंत सहज जाते. म्हणजे पाच किलोंपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा एका पुस्तकाने खाल्ला! याच कागदाची साडेदहा बाय पंधरा सेंटिमीटरची, ६४ पृष्ठांची चोपडी केली तर तिचा कागद केवळ ३० ग्रॅम भरतो.

बीदर ते पंढरपूर ही वाट सुमारे २७५ किलोमीटर आहे. एका किलोमीटरास दीड हजार पावले धरली, तर ही चार लक्षांहून अधिक पावले झाली. पडशीतील प्रत्येक वस्तू चार लक्ष वेळा पावलाबरोबर उचलावी लागते. घरात हातावर तोलून हलकी वाटलेली पोथी चौथ्या दिवशी खांद्यास का टोचते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

कोणी म्हणेल, ग्रंथाचा भार तो कसला भार? भावना आदरणीय आहे. परंतु ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या वाटेवर चालता चालता वाचून होत नाहीत. ते घरी, आसनावर बसून करण्याचे पारायण आहे. पडशीत ती पोथी पावसात भिजते, पाने चिकटतात, आणि ग्रंथाचा मान राहावा म्हणून नेलेल्या ग्रंथाची अवहेलनाच होते. हरिपाठाचे सत्तावीस-अठ्ठावीस अभंग बहुतेकांस मुखोद्गत असतात. ज्यांस नसतात ते दिंडीत म्हणता म्हणता शिकतात. जे कंठात आहे त्याचे वजन नाही. तेव्हा मार्गदर्शिकेत अभंगसंग्रह घालून तिची जाडी वाढविण्याचे कारण उरत नाही.

वाट कोणती?

बाजारात वारीच्या ज्या पुस्तिका मिळतात, त्यांतील बहुतेक आळंदी-देहूच्या पालख्यांसाठी लिहिलेल्या असतात. सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, वाखरी हे त्यांतील मुक्काम. नावे पवित्र आहेत, माहिती खरी आहे. परंतु बीदरहून निघालेल्या वारकऱ्यास पंढरपुरास पोचेपर्यंत तिचा काडीचाही उपयोग नाही. मुखपृष्ठावर विठ्ठलाचे चित्र आहे एवढ्यावरून पुस्तिका आपली होत नाही. प्रथम ती कोणत्या वाटेची आहे हे पाहावे.

आपली मुख्य वाट अशी आहे. बीदर ते हुमनाबाद सुमारे ५० किलोमीटर. हुमनाबादेजवळच माणिकप्रभूंचे माणिकनगर आहे. तेथून महामार्गाने उमरगा सुमारे ६०. या टप्प्यात बसवकल्याणाचा फाटा लागतो आणि कर्नाटकाची हद्द संपून महाराष्ट्राची सुरू होते. उमरगा ते नळदुर्ग सुमारे ५०, नळदुर्ग ते सोलापूर ४५, आणि सोलापूर ते पंढरपूर ७० किलोमीटरांच्या आसपास. कलबुर्गीकडील मंडळी आळंद, अक्कलकोट करून सोलापुरास येतात. तेथे दोन्ही वाटा मिळतात. तेव्हा बीदरच्या पुस्तिकेतील सोलापूरपर्यंतची पाने कलबुर्गीच्या वारकऱ्यास नकोत, आणि कलबुर्गीची बीदरकरांस नकोत. दोन स्वतंत्र चोपड्या असाव्यात हे उत्तम. एकत्र असतील तर नको ती पाने शिवण सांभाळून काढून घरी ठेवावीत. यात ग्रंथाचा अपमान नाही; ही पोथी नव्हे, वाटेचा कागद आहे.

सोलापूरच्या पुढे दोन मार्ग आहेत. एक मोहोळवरून, दुसरा मंगळवेढ्यावरून. मोहोळवरून येणारास भीमा पंढरपुराशी ओलांडावी लागते; मंगळवेढ्याकडे जाणारा ती आधीच, बेगमपुराजवळ ओलांडतो. आषाढात भीमेचे पाणी पावसाप्रमाणेच वर उजनी धरणातून होणाऱ्या विसर्गावरही अवलंबून असते. आपली दिंडी यांपैकी कोणत्या मार्गाने जाणार, हे मार्गदर्शिकेत ठळक लिहिलेले असले पाहिजे. मागे पडलेला माणूस सोलापुरातून चुकीच्या मार्गास लागला तर दोन दिवस त्याची गाठ पडणार नाही. तद्वत नळदुर्गाहून तुळजापुरास जाणारी वाट तीस किलोमीटरांहून अधिक लांब आहे. ती मुख्य वाटेत न मिसळता ‘आडवाट’ म्हणून वेगळी दाखविलेली असावी.

एका पानावर काय असावे?

एका दिवसाच्या चालीस एक पान, हा नियम सोयीचा. रोज सुमारे वीस किलोमीटर धरले तर बीदरच्या वाटेस चौदा पाने होतात. विसाव्याची दोन धरून सोळा. प्रत्येक पानावर पुढील गोष्टी असाव्यात.

पहिली, सकाळी कोठून निघायचे आणि रात्री कोठे थांबायचे. नुसते गावाचे नाव नव्हे, तर देऊळ, शाळा किंवा मठ यांपैकी जे असेल ते, आणि गावाच्या कोणत्या बाजूस ते आहे हे. येथे स्थानपोथीचा धडा गिरवावा. दुसरी, पिण्याचे पाणी कोठे मिळते, आणि दोन पाणवठ्यांमध्ये सर्वांत लांब अंतर किती. आषाढी म्हटले की पाऊस डोळ्यांसमोर येतो. परंतु आपल्या भागात कित्येक वर्षी ज्येष्ठ कोरडाच जातो आणि मृगाचे ऊन वैशाखासारखे तापते. तिसरी, जेथे वाट फुटते ती ठिकाणे व तेथील न हलणारी खूण : पूल, वड, मंदिराचे शिखर. दुकानाची पाटी ही खूण नव्हे. ती वर्षात बदलते. चौथी, दवाखाना. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत चालतो. तो प्रत्येक पानाच्या तळाशी असावा, कारण संकटात कोणी पाने उलटीत बसत नाही. पाचवी, दिंडीतील दोघांचे दूरध्वनी क्रमांक लिहिण्यास मोकळी जागा. एक पुढे चालणाराचा, एक सामानाच्या गाडीबरोबर असणाराचा.

महामार्गावर एकट्याने चालताना समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने उजव्या कडेने चालावे आणि अंधारात चालू नये, ही सूचना पहिल्याच पानावर पाहिजे. दिंडी मोठी असते, दुरून दिसते. एकटा माणूस दिसत नाही.

दोन लिप्या

आता सीमाभागाची गोष्ट. आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी मराठी वाचतात; पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर म्हैसूर राज्यात आल्यानंतर शाळेत गेलेल्या पिढ्यांत कन्नडच सफाईने वाचणारे पुष्कळ आहेत. अभंग मराठीत म्हणतात, पाटी कन्नडमध्ये वाचतात. हुमनाबादपर्यंत रस्त्यावरील फलक कन्नडमध्ये, उमरग्यापासून पुढे देवनागरीत. म्हणून गावांची नावे आणि पाणी, मुक्काम, दवाखाना हे मोजके शब्द दोन्ही लिप्यांत असलेली चोपडी निवडावी. यात भाषेचा कसलाही वाद नाही. कन्नड वाचणाऱ्या आजीस मराठी पान दाखवून ‘यातच सारे लिहिले आहे’ म्हणणे, हे तिला काहीच न देण्यासारखे आहे. अक्षरही ठसठशीत हवे. पाने वाचविण्यासाठी अक्षर बारीक करणे ही खोटी काटकसर होय. पाने वाचवावयाची तर मजकूर कमी करावा.

पुस्तिका जुनी तर नाही?

घरात वडिलांची जुनी पुस्तिका असते. तिच्याविषयी प्रेम असावे, पण ती वाटेवर द्यावयाची तर आधी पारखून पाहावी. तीन खुणा सांगतो. तिच्यात महामार्गाचा क्रमांक ९ दिला असेल तर ती जुनी. २०१० च्या नव्या क्रमवारीत आपला पुणे-हैदराबाद महामार्ग ६५ क्रमांकाचा झाला. गुलबर्गा लिहिले असेल तर ती २०१४ पूर्वीची. तेव्हापासून अधिकृत नाव कलबुर्गी आहे. उस्मानाबाद लिहिले असेल तर २०२३ पूर्वीची. त्या वर्षी जिल्ह्यास धाराशिव हे नाव मिळाले. नावे जुनी असल्याने वाट चुकत नाही हे खरे. परंतु ज्याने नावे तपासली नाहीत त्याने विहिरीही तपासल्या नसतील, एवढे अनुमान काढावयास हरकत नाही.

दिनांकांविषयीही सावध असावे. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला, २०२४ मध्ये १७ जुलैला आणि २०२५ मध्ये ६ जुलैला आली. ज्या पुस्तिकेत मुक्काम इंग्रजी तारखांनी छापले आहेत ती एका वर्षात निरुपयोगी होते. तिथींनी छापलेली टिकते. सोळा दिवसांच्या चालीने आषाढ शुद्ध दशमीस पंढरपुरी पोचावयाचे तर बीदरहून ज्येष्ठ वद्य नवमी-दशमीच्या सुमारास निघाले पाहिजे. हे दरवर्षी खरे राहते. तिथीची वृद्धी वा क्षय असेल तेवढा पंचांगातून पाहून शिसपेन्सिलीने लिहून घ्यावा.

भ्रमणध्वनी आणि कागद

हल्ली तरुण मंडळी विचारतात, हे सारे भ्रमणध्वनीत असताना कागद कशास हवा? त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. ज्ञानेश्वरी, गाथा, नकाशा हे सर्व त्यात मावते आणि त्याचे वजन एका कणानेही वाढत नाही. ज्यास तो नीट वापरता येतो त्याने जरूर वापरावा. परंतु आपली कसोटी आठवा. सावकाश चालणाऱ्या आजीजवळ तो असेलच असे नाही. असला तर भारलेला असेलच असे नाही. आणि पावसात ओल्या बोटांनी त्याची काच ऐकत नाही. तीस ग्रॅमची चोपडी मेणकापडाच्या पिशवीत घालून कमरेस बांधली की तिला दुसरे काही लागत नाही. ती हरवलेल्या माणसाच्या हातात असली तर वाटेतील अनोळखी शेतकरीही ती वाचून त्यास मुक्कामी पोचवू शकतो, हा तिचा मोठाच गुण.

मनासाठी एक

मार्गदर्शिका पायांसाठी झाली. मनासाठी काहीच नेऊ नये काय? न्यावे, पण एकच आणि लहान. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महिपतींच्या ‘भक्तविजया’त आहे. दुष्काळात त्यांनी बीदरच्या बादशहाचे कोठार भुकेल्यांस खुले केले. बादशहाचे बोलावणे आले, तेव्हा बीदरच्या वाटेवर त्यांनी आधी पंढरपुरी विठ्ठलाचे दर्शन मागून घेतले. आणि इकडे विठू महाराच्या रूपाने देवाने बीदरच्या दरबारी येऊन धान्याचा पैका चुकता केला. पंतांनी वाचावयास गीता उघडली तेव्हा पैसे पोचल्याची पावती त्या पोथीत निघाली, असे सांगतात. पंढरपूर आणि बीदर यांमधील ही वाट आपल्या परंपरेत अशी दोन्ही बाजूंनी चाललेली आहे. सातशे श्लोकांच्या गीतेचा गुटका मुठीत मावतो. ज्यास सोबत ग्रंथ हवाच त्याने गीतेचा वा हरिपाठाचा असा गुटका न्यावा; मोठा ग्रंथ देव्हाऱ्यात ठेवून परतल्यावर सावकाश वाचावा.

अभ्यास

सभासद कुटुंबांनी एवढे करावे. घरात असलेली किंवा विकत घ्यावयाची मार्गदर्शिका संध्याकाळी घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीच्या हाती द्यावी आणि विचारावे : “आजी, तुम्ही नळदुर्गाच्या अलीकडे मागे राहिलात. आजचा मुक्काम कोठे? पाणी कोठे? फोन कोणास करावयाचा?” तिन्ही उत्तरे तिला दुसऱ्याची मदत न घेता, वाती लावण्यास लागतो तेवढ्या वेळात सापडली, तर पुस्तिका घ्यावी. न सापडली तर ती कितीही सुंदर छापलेली असो, घरीच ठेवावी.

आणि एक काम परतल्यावरचे. विहीर आटलेली आढळली, शाळेऐवजी मठात उतरावे लागले, फाट्यावरचा वड तोडलेला दिसला, तर त्या पानावरच पेन्सिलीने तसे लिहावे व ती चोपडी आषाढी पौर्णिमेनंतर मंदिरात आणून द्यावी. अशा दहा मळक्या चोपड्या जमल्या तर पुढील वर्षीची मार्गदर्शिका आपली आपल्यालाच करता येईल; आणि ती बाजारातील कोणत्याही पुस्तिकेहून खरी असेल, कारण तिच्यातील प्रत्येक ओळ आपल्यापैकी कोणीतरी चालून पाहिलेली असेल.